कातळावरचं शिपणं

जयवंत घाडीने उमेदीची वीस-बावीस वर्षं दगड कापण्यात घालवली. कुसगवण्याच्या सड्यावर त्याची चिरेखाण होती. सडा म्हणजे नजर जाईल तिथवर पसरलेला उघडा कातळ, आणि चिरा म्हणजे त्यातून मशिनने कापून काढलेली जांभ्याची भलीमोठी वीट. कोकणातली निम्मी घरं असल्या चिऱ्यांवर उभी आहेत. दगड संपला तेव्हा मागे उरला एक चौकोनी बोडका खड्डा, भिंती सुरीने कापल्यासारख्या सरळ, तळ सपाट आणि तांबडा. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचायचं, दिवाळीनंतर आटायचं, आणि मे महिन्यात त्या तळावर अनवाणी पाय ठेवायची कुणाची छाती होत नसे. गवताची काडी म्हणून उगवत नव्हती. "जयग्यान सड्याची साल काढल्यान," असं गावातली माणसं चेष्टेने म्हणायची, आणि जयवंतही हसून म्हणायचा की साल काढली म्हणून तुमच्या घरांना भिंती आल्या.

आता ती चेष्टा कुणी करत नव्हतं. एक तर खाणीच्या तळावर हिरवा थर धरला होता. आणि दुसरं, तो थर लावणारी जयवंतची एकुलती एक मुलगी मैत्रेयी ह्या जगात राहिली नव्हती.

मैत्रेयी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायची. एका शिमग्याला घरी आली ती बापाला ओढतच खाणीवर घेऊन गेली. दोघं काठावर पाय सोडून बसले.

"बाबा, ही खाण माका देशाल?"

"तुका कशाक होयी? चिरे संपले."

"म्हणानच होयी. हेच्यात कायच नाय म्हणान."

मैत्रेयी घरात मालवणी बोलायची, पण विज्ञान सांगायला लागली की तिची भाषा आपोआप पुण्याची व्हायची. जयवंतला त्याची मोठी गंमत वाटे. तेव्हाही तसंच झालं.

पन्नास कोटी वर्षांपूर्वी, ती सांगू लागली, पृथ्वीवरची सगळी जमीन ह्या खाणीसारखी होती. नुसता कातळ. माती नव्हती, कारण माती व्हायला झाडाझुडपांचा पाचोळा लागतो आणि झाडंच नव्हती. जे काही हिरवं होतं ते पाण्यात. गोड्या पाण्याच्या डबक्यांत शेवाळ होतं, शाळेच्या पुस्तकात स्पायरोगायरा असतो ना, त्याच्या चुलत घराण्यातलं. उन्हाळ्यात डबकी आटायची आणि शेवाळ मरून जायचं. पण त्यातही एखादं असं निघे की त्याच्या पेशींभोवती लेप थोडा जाड असे, किंवा त्याच्या रंगामुळे ऊन थोडं अडे. काहींना तर चिखलातल्या जिवाणूंची जनुकं मिळाली होती, त्यांच्या जोरावर ती वाळूनही तग धरत. पुढच्या पावसात वाढायचं ते ह्यांचंच खानदान. असं होत होत शेवटी त्यातल्या एका शाखेने पाणी सोडलं. तिने बुरशीशी भागी केली. बुरशीने दगडातले क्षार काढून द्यायचे, हिरव्याने तिला साखर द्यायची. आणि अशा रीतीने तिने कातळावर बस्तान बसवलं. आज दिसणारं गवताचं पातं काय आणि वडाचं झाड काय, सगळी त्या एका घराण्याची लेकरं.

"म्हंजे ह्या पयला चाकरमानी," जयवंत म्हणाला. "गाव सोडून पोटाक लागलेला."

मैत्रेयी एवढी हसली की तिला ठसका लागला.

पुण्यातल्या तिच्या प्रयोगशाळेत कपाटाएवढ्या काचेच्या खोल्या होत्या. त्यांना ऋतुकक्ष म्हणत. त्यांत दोन दिवसांत अख्खं वर्ष फिरायचं: ओल, मग ऊन, मग पुन्हा ओल. प्रत्येक फेरीत जे जगे त्याची जनुकं यंत्र वाचायचं आणि ज्यांची लक्षणं आशेची त्यांनाच पुढच्या फेरीत घ्यायचं. मैत्रेयीने ह्याच सड्यावरच्या तळीतलं शेवाळ नेऊन त्या कक्षांत घातलं होतं. निसर्गाला जी वाट चालायला लाखो वर्षं लागली, ती ह्या यंत्राने आठेक वर्षांत निम्म्याहून अधिक कापली. आता तिचं शेवाळ काही आठवडे पाण्यावाचून काढत होतं. पण पुरा उन्हाळा, खरा वारा, खऱ्या कातळातली बुरशी, ह्या गोष्टी कपाटात मावत नाहीत. त्यासाठी उघडी जागा हवी होती आणि लागोपाठ पाच वर्षं. जमलं, तर बंद पडलेल्या खाणींवर, फोडलेल्या डोंगरांवर, दरडी कोसळलेल्या उतारांवर जिवंत कातडी चढवता आली असती.

"दोन गोष्टी बघायच्या आहेत, बाबा," ती म्हणाली. "पाण्यातली आई आपलं बीज पाण्यात सोडून देते. जगलं तर जगलं. जमिनीवर आलेल्या आईने तसं केलं नाही, तिने ते आपल्या अंगावर धरलं, स्वतःच्या पोटातलं त्याला भरवलं. ही एक. आणि दुसरी म्हणजे सुकणं. अंगातलं सगळं पाणी जाऊ द्यायचं, काळं पडायचं, मेल्यासारखं दिसायचं आणि वाट बघायची. ज्याला हे जमतं त्याचीच जमीन." मग ती पुन्हा मालवणीवर आली. "म्हणान सांगतंय, हय पाण्याचो थेंब घालूचो नाय. सुकलेला दिसला तरी हात लावूचो नाय. कळला?"

जयवंतने मान डोलावली. त्याने दोन्ही गोष्टी ऐकल्या, पण घरी नेली ती एकच. आईने अंगावर धरलं म्हणून पोर जगलं, हे त्याला इतकं पटलं की संध्याकाळी त्याने बायकोला, सुचिताला, ते पुन्हापुन्हा सांगितलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात तिने आपलं शेवाळ खाणीच्या तळावर लावलं; पहिल्या उन्हाळ्यात त्यातलं थोडंच तगलं. प्रयोगाच्या दुसऱ्या पावसाळ्यात मैत्रेयी नमुने घ्यायला खाणीतल्या पाण्यात उतरली. पायाला कुठेतरी चिऱ्याची कड लागली होती, जखम म्हणावी एवढीही नाही. ताप आला तो अंगावर काढला. कोकणात पावसाळ्यात ताप कुणाला येत नाही? डोळे पिवळे झाले तेव्हा लेप्टोचं निदान झालं, आणि कोल्हापूरच्या इस्पितळात नेईपर्यंत मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं. शेवटी जयवंत तिचे तळपाय हातात धरून बसला होता. ते गार पडले तरी त्याने सोडले नाहीत. नर्सने त्याची बोटं एकेक करून मोकळी केली. त्या वर्षी घाड्यांच्या घरात गणपती आला नाही.

त्यानंतरचे काही महिने जयवंत पडवीतल्या खुर्चीत बसून असे. जेवायला बोलावलं की उठे, जेवला की पुन्हा खुर्ची. सुचिताने बोलून पाहिलं, रडून पाहिलं, मग तीही गप्प झाली. मार्चच्या सुमाराला तो पहिल्यांदा आपणहून उठला आणि खाणीवर गेला. पाणी केव्हाच आटलं होतं. तळावरचा हिरवा थर कडांनी वळत चालला होता, मधे मधे पिवळा पडला होता. जयवंत बराच वेळ बघत राहिला, आणि मग घरी येऊन कळशी घेऊन गेला.

कोकणात माडाला, पोफळीला, कलमांना पाणी घालण्याला शिपणं म्हणतात. कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून हापूसचं कलम लावलं की त्याला पहिले तीन उन्हाळे शिपणं करावंच लागतं. मग ते आपल्या पायावर उभं राहतं. तीन उन्हाळे जो हे करत नाही त्याच्या हातात कुणी कलम देत नाही. जयवंतने अशी चाळीसभर कलमं जगवली होती, आणि त्यांच्यासाठी साठवलेलं पावसाचं पाणी खाणीशेजारच्या टाकीत होतं. आपण काही ठरवतो आहोत असं त्याला वाटलंच नाही. रोप कोवळं आहे, त्याची आई गेली आहे, आणि ऊन पेटलं आहे. ह्यात विचार कसला करायचा?

रोज उन्हं कलली की तो जाई, हाताने हलके हलके पाणी शिंपडे. दूरच्या कडांपर्यंत पाणी पोचत नसे. तिथे थर सुकून काळा ठिक्कर पडे, पापडासारखा निघे. कलमाची सुकी काटकी काढून टाकतात तसं जयवंत ते काळं खुरप्याने खरवडून काढी, म्हणजे बाजूचं हिरवं तिथे पसरेल. खरवडलेलं टोपलीत भरून घरी आणी. भात पेरायच्या आधी तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, त्याला भाजावळ म्हणतात; त्यात तो ते टाकी.

"मैतून पाणी नको सांगल्यान हुता मां?" सुचिताने एकदा विचारलं. मैत्रेयीला ती मैतू म्हणे.

"ता मोठा झाल्यार," जयवंत म्हणाला. "आता बारीक आसा."

सुचिताने पुढे विचारलं नाही. नवरा खुर्चीतून उठत होता, दोन घास जास्त जेवत होता. तिला तेवढं पुरे होतं.

मैत्रेयीचं काम आता झरीन मुकादमने हाती घेतलं होतं. झरीन रत्नागिरीची, मैत्रेयीची कॉलेजपासूनची मैत्रीण, एकाच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणारी. जयवंतला ती काका म्हणे. कातळात बसवलेली बारकी यंत्रं खाणीतली ओल मोजून पुण्याला कळवत. पुण्यातल्या लोकांनी पाहिलं की भर उन्हाळ्यात रोज संध्याकाळनंतर ओल वाढते आणि सकाळपर्यंत टिकते. त्यांनी खूप डोकं चालवलं. पाऊस नाही, झरा नाही. मग राहिलं काय? दव. हे वाण हवेतलं दव ओढून घेतं आणि धरून ठेवतं, असा निष्कर्ष निघाला. शोधनिबंध छापून आला. वाणाला मैत्रेयीचं नाव दिलं. झरीनने हे सांगायला फोन केला आणि बोलता बोलता तिला हुंदका आवरेना.

"काका, तिचं शेवाळ दव पितं."

दवही पीत असेल, जयवंतने मनात म्हटलं. कळशीचं कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आपण घरात काय शिजवलं हे कोण कुणाला कळवतं?

तीन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला झरीनच्या लोकांनी खाणीतले हिरवे पट्टे कापून भोंडवणे गावच्या डोंगरावर नेले. तिथे वाडीच्या डोक्यावर जुनी दरड कोसळून उतार उघडा पडला होता. उतारावरचं झुडूप साफ करून त्यावर हे पट्टे अंथरले, आणि दसऱ्यापर्यंत सगळा उतार हिरवागार झाला. जयवंतला मुद्दाम बोलावून शाल दिली. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्या चेडवान आमचो डोंगर धरल्यान," तो म्हणाला. घरी येऊन जयवंतने सुचिताला तसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी तिने किती दिवसांनी घावणे केले, आणि दोघं समोरासमोर बसून पोटभर जेवली.

मग भोंडवण्यावर उन्हाळा आला. हिरवं पिवळं झालं, तपकिरी झालं, धुळीसारखं वाऱ्यावर उडून गेलं. पाऊस पडल्यावर ते पुन्हा उमलेल म्हणून सगळे वाट बघत राहिले. ते उमललं नाही. उताराला आता ना झुडूप होतं ना शेवाळ, आणि आषाढात तो खाली आला. माणूस दगावलं नाही एवढंच. तीन गोठे गेले, दावणीला बांधलेली गुरं गेली, चिखल घरांच्या खिडक्यांपर्यंत चढला. वर्तमानपत्रांनी मैत्रेयीचं नाव घालून बातम्या दिल्या. पैसे देणाऱ्या मंडळींनी हात आखडला.

फेब्रुवारीत झरीन कुसगवण्याला आली. वर्षभरात ती वाळून गेली होती. आल्या आल्या चहाही न घेता ती खाणीत उतरली. सगळा सडा करपून गेलेला आणि खाणीचा तळ मात्र हिरवा, ओलसर. ती गुडघ्यांवर बसली, भिंग लावून बघितलं, तळहाताने थर दाबून बघितला.

"काका, मला वेड लागायची पाळी आली आहे," ती म्हणाली. "वाण तेच. कातळ असाच. दव तर तिकडे जास्त पडतं. मग इथे जगतं आणि तिथे का मेलं?"

जयवंतला खरोखरच नवल वाटलं. एवढी शिकलेली पोर, आणि हे कसं कळत नाही?

"थंय शिपणां कोण करता?"

झरीनने वर बघितलं. "काय कोण करतं?"

"शिपणां गो. पाणी कोण घालता थंय? कोणच नाय. मगे मरताला नाय तर काय?"

त्याने तिला टाकी दाखवली, कळशी दाखवली, हात कसा फिरवायचा म्हणजे पाणी आपटत नाही तेही दाखवलं. दाखवताना त्याचा चेहरा उजळला होता. मैत्रेयी गेल्यापासून तिच्या एखाद्या माणसाला सांगण्यासारखं त्याच्याजवळ हे एवढंच होतं. झरीन ऐकत राहिली. मग तिने अगदी हळू विचारलं, "आणि कडेचं? जे सुकायचं, त्याचं काय करायचात तुम्ही?"

"ता मेलेला. खरवडून काढी आणि भाजावळीत टाकी."

"दरवर्षी?"

"तर. मेलेला ठेवन काय करतलंय?"

झरीन तिथेच कातळावर बसली. तिने ओढणीने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. रागावली असती तर जयवंतला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही.

"काका, कक्षात आम्ही काय करायचो ते मैत्रेयीने सांगितलं होतं ना? जे सुकून राहील ते ठेवायचं, जे पाण्यावाचून मरेल ते सोडायचं. तुम्ही इथे तेच केलंत, फक्त उलटं. पाण्यावर जगणारं ठेवलंत आणि सुकायला शिकलेलं..." ती थांबली. "कडेला पाणी पोचत नव्हतं. म्हणजे शिकायचं ते तिथेच शिकत होतं. काळं पडून, पापडासारखं होऊन ते पावसाची वाट बघत होतं. ते मेलं नव्हतं काका. तेच तिचं होतं."

जयवंतच्या कानात मैत्रेयीचा आवाज आला, सुकलेला दिसला तरी हात लावूचो नाय, कळला? ऐकलं होतं त्याने. मान डोलावली होती. पण तेव्हा ती समोर होती, हसत होती, तिला काही सुकवायचं आहे म्हणजे काय हे त्याला कळायचं कारण नव्हतं. आणि कळायची वेळ आली तोवर त्याने एक गार पडलेलं शरीर हातात धरलं होतं. त्यानंतर हिरवं ते जिवंत आणि काळं ते मेलेलं, ह्यापलीकडे त्याला काही दिसलं नाही.

"सगळा गेला?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. ह्या हिरव्यात थोडंफार अजून उरलंही असेल. बघायचा एकच मार्ग आहे. आजपासून पाणी बंद. मेअखेर मी येते." मग ती अवघडून म्हणाली, "आणि काका, पुण्याला मला हे सांगावं लागेल. दवाचं सगळं खोटं ठरलं ना."

"सांग," जयवंत म्हणाला. "माझा नाव घाल. तिचा नको."

त्या उन्हाळ्याइतकं लांब जयवंतच्या आयुष्यात काही नव्हतं. दगड कापायची मशिनं चालवलेला माणूस, पण हात रिकामे कसे ठेवायचे हे त्याला ठाऊक नव्हतं. सुचिता म्हणाली, जाव नका थंय. तरी तो जाई. आधी हिरव्यातला ओलसर चकाकता रंग गेला. मग कडा वळल्या. मग पिवळं मधोमध सरकत आलं, आणि त्यामागून काळं. इस्पितळात निदान तिचे पाय धरून बसता आलं होतं. इथे हात लावायचीही मनाई होती. तहानेने चाललेला जीव समोर आणि शेजारी पाण्याची भरलेली टाकी. आपण बघत बसायचं, आणि ह्यालाच तिच्यासाठी काही करणं म्हणायचं.

एका संध्याकाळी त्याने कळशी भरलीच. काठापर्यंत आला तेव्हा पाठीमागे सुचिताची पावलं वाजली. तिने कळशी ओढून घेतली नाही. शेजारी येऊन बसली. जयवंतही बसला. दोघांच्या मधे कळशी होती, खाली काळा पडत चाललेला तळ होता.

"माका वाटला," जयवंत म्हणाला, "निदान ह्या तरी धरून ठेवीन."

"माका ठावक आसा," सुचिता म्हणाली.

"तुया बोलल्लंस. पाणी नको म्हणान. मी आयकूक नाय."

"मीया तरी खय थांबवलंय? तुमी उठलास, हिंडूक लागलास. माका ताच होया हुता. मैतूच्या कामाचा काय होता ता मी बघूकच नाय."

ऊन उतरेपर्यंत दोघं तिथे बसून होती. जाताना कळशीतलं पाणी त्यांनी वाटेवरच्या कलमाच्या बुंध्याशी ओतलं. त्या थोराड झाडाला त्या पाण्याची काही गरज नव्हती.

झरीन बोलल्याप्रमाणे मेअखेर आली. खाणीत हिरवा ठिपका उरला नव्हता. तिने प्रत्येक कोपऱ्यातून, मधून, भिंतीच्या सावलीतून काळ्या खपल्या उचलल्या आणि घरी आणून पडवीत उथळ काचेच्या ताटल्यांत पाण्यात घातल्या. जिवंत असेल तर एक-दोन दिवसांत उलगडेल, ती म्हणाली, कडांना हिरवं दिसायला लागेल. सुचिताने पडवी झाडायची बंद केली, धूळ उडू नये म्हणून. जयवंत ताटल्यांजवळ पाट टाकून बसला. पहिल्या सकाळी एका ताटलीत त्याला काहीतरी हिरवट दिसलं आणि त्याने झरीनला हाक मारली. झरीनने भिंगातून पाहिलं. बाहेरून पडलेल्या पानाचा कण होता. तिने तो चिमट्याने उचलून बाजूला ठेवला. दोन दिवस गेले, चार गेले. खपल्या फुगल्या, विरल्या, पाणी तांबूस झालं आणि त्याला कुजका वास येऊ लागला.

"एकही नाही, काका," झरीन म्हणाली.

"बरा," जयवंत म्हणाला. बरं काही नव्हतं, पण दुसरा शब्द त्याला सुचला नाही.

निघायच्या आधी ती त्याच्यासमोर खाली बसली. पुण्यात शीतपेटीत मैत्रेयीच्या हातचं, खाणीत यायच्या आधीचं वाण शिल्लक होतं. काही आठवडे सुकं काढणारं. इथल्या कडेला जे शिकलं होतं ते पुन्हा तसंच शिकेल असं नाही, असले योगायोग मागून मिळत नसतात, पण शिकणारच नाही असंही नाही. पुन्हा पहिल्यापासून लागायला हवं. विश्वास परत मिळवायचा, पैसे उभे करायचे, परवानगी काढायची. भोंडवण्यानंतर ते सोपं नव्हतं.

"आठ-दहा वर्षं तरी जातील उघड्यावर लावायला," ती म्हणाली. "मी सोडणार नाही, एवढं नक्की. तेव्हा ही खाण मिळेल का, काका?"

"खाण तुझी. कागद आताच करून टाकया." जयवंतने अंगणापलीकडे सड्याकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे, गड्याला दुसऱ्या दिवशीचं काम सांगावं तशा आवाजात म्हणाला, "तवसर मी काय आसतलंय नाय."

"असं नका ना बोलू."

"नाय गो, वायट कशाक वाटून घेतंस? बराच आसा ता. पाणी घालूक थंय कोण नसतला."